तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

कुणाच्या घरी जायचं असलं की आईची शाळा रस्त्यातच भरायची. मी पुढे, ती मागे, आणि पाठीमागून सूचना. "काही दिलं तर नको म्हणायचं. परत दिलं तर परत नको म्हणायचं. तिसऱ्यांदा दिलं की माझ्याकडं बघायचं." तिसऱ्यांदा मी तिच्याकडं बघायचो आणि ती डोळ्यांनीच सांगायची, घे, किंवा राहू दे. ही डोळ्यांची भाषा मला बाराखडीच्या आधी वाचता यायला लागली होती.

आमचं गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. वडलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि आई शिवणकाम करायची. आपलं पोर कुणाला हावरट वाटू नये, याची तिला फार काळजी. गावात सगळ्यांनाच ही रीत ठाऊक असल्यामुळे कुणाचं अडायचं नाही. देणाऱ्याला माहीत की पहिले दोन नकार मोजायचे नसतात, आणि घेणाऱ्याला माहीत की तिसरा आग्रह होणारच.

घोटाळा एकदाच झाला. चौथीत होतो. शाळेतला भिंतीवरचा नकाशा गुंडाळून गुरुजींच्या घरी पोचवायला गेलो होतो. गुरुजींचं नुकतंच लग्न झालेलं. त्यांची बायको कुठल्याशा मोठ्या शहरातली. तिनं बेसनाचा लाडू पुढे केला. मी नको म्हणालो. "घे रे," ती म्हणाली. मी पुन्हा नको म्हणालो. तेव्हा ती "बरं" म्हणून लाडू घेऊन आत निघून गेली. मी उंबऱ्यात बराच वेळ उभा राहिलो. तिला आत काही काम आठवलं असेल, येईल परत. ती आली, पण हातात सूप होतं. "अजून गेला नाहीस का रे?" तिनं विचारलं.

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "त्यांच्याकडं रीत नसेल," आणि संध्याकाळी मला बेसन आणायला दुकानात पाठवलं.

हे सगळं आज आठवायचं कारण हैदराबादेत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, माझा तसाच एक लाडू आत गेला. आणि या खेपेला बेसन आणायला पाठवणारं कुणी नव्हतं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे वाक्य मी जरा जास्त वेळा बोलतो, असं मित्र म्हणतात. पण त्या पदवीमागे इतके लोक आहेत की ते म्हटल्याशिवाय मला राहवत नाही. वसतिगृहात जागा मिळवून देणारे तेच गुरुजी, खाणावळीच्या मावशी, आपली जुनी पुस्तकं देणारा वरच्या वर्गातला मुलगा. त्या सगळ्यांच्या जोरावर मी सिकंदराबादेतल्या एका कंपनीत लागलो. ही कंपनी दवाखान्यांना रक्त तपासायची, हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायची, अशी यंत्रं विकते आणि दुरुस्त करते. मी दुरुस्तीत होतो. काम मन लावून करायचो, पण तोंड उघडायची वेळ आली की माझं धाडस संपायचं. बैठकीत माझ्या कामाबद्दल दुसराच कुणी बोलायचा आणि मी मान हलवायचो. शेअर ऑटोत "इथं थांबवा" म्हणायला जमायचं नाही, म्हणून दुसरा कुणी उतरेल तिथं उतरून मागं चालत यायचो.

आमचे साहेब मूळचे पंजाबातले. मोठ्या आवाजाचे, सरळ माणूस. एक दिवस त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कंपनी दिवाळीनंतर एक नवीन विभाग सुरू करणार होती. तेलंगणातल्या आणि मराठवाड्यातल्या लहान गावांतल्या दवाखान्यांत जायचं आणि तिथल्या नर्स, तंत्रज्ञ मंडळींना यंत्र चालवायला शिकवायचं.

ते सांगत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावचा सरकारी दवाखाना होता. तिथं रक्त तपासायचं एक यंत्र आलेलं आहे. ते कसं चालवायचं हे कुणी शिकवलंच नाही, म्हणून ते कोपऱ्यात झाकून ठेवलं आहे. रक्त तपासायला लोक अजून एसटीनं जिल्ह्याला जातात. त्या यंत्रावर धूळ बसू नये म्हणून त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवलेलं आहे. ते कव्हर आमच्या आईनं शिवलं आहे. झालर लावून.

इतकं मनापासून मला आयुष्यात काही हवंसं वाटलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "तुम करोगे ये काम?"

मी म्हणालो, "नहीं नहीं सर, मैं कहाँ. किसी सीनियर को दीजिए."

आणि हसून उभा राहिलो. आता ते म्हणणार, अरे असं कसं, तूच कर. मग मी आणखी एकदा नाही म्हणणार. मग ते जरा रागावून म्हणणार, मी सांगतोय ना. मग मी...

"ओके," साहेब म्हणाले आणि संगणकाकडे वळले.

मी उभाच. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली. "और कुछ?"

"नहीं सर."

बाहेर आलो तेव्हा गुरुजींचा उंबरा आठवला.

त्या दिवसापासून केबिनच्या काचेसमोरून जाताना छातीत धडधड सुरू झाली. मग फोन वाजला की धडधड. मग फोन वाजेल या कल्पनेनं धडधड. हाताला घाम, घशाला कोरड, रात्री झोप नाही. मी ठरवून टाकलं की हृदयाचा आजार आहे आणि एका ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. पट्टी काढायला त्यांनी मला आडवं केलं. वायरी जोडल्या तर यंत्राचा आवाज मला बरोबर वाटेना. मी म्हणालो, "डॉक्टर, तुमच्या या लीडची क्लिप सैल आहे." उठलो, क्लिप बसवली, पुन्हा आडवा झालो.

पट्टी अगदी ठणठणीत निघाली. डॉक्टर म्हणाले, "यंत्र दुरुस्त करताना तुमची धडधड कुठं गेली होती?" मग त्यांनी मला चिक्कडपल्लीतल्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. "मराठी आहेत. जाऊन बोला."

आईला फोनवर सगळं सांगायची हिंमत झाली नाही. एक क्लास लावलाय, एवढंच सांगितलं.

"नोकरी लागल्यावर कसला रे क्लास?"

"बोलायचा."

"बोलायचा? तू तर दीड वर्षाचा असताना सगळं बोलायला लागला होतास," आई म्हणाली. "पैसे परत माग त्यांच्याकडून."

बाईंची खोली चिक्कडपल्लीत एका लोणच्यांच्या दुकानाच्या वर होती. खाली दिवसभर लाल मिरचीचं तिखट आणि लसूण. जिना चढतानाच डोळ्यांत पाणी यायचं आणि शिंका सुरू व्हायच्या. सुरुवातीला मला भीती होती की कुणी ओळखीचं बघेल. पण त्या जिन्यावरून खाली उतरणाऱ्या माणसाचे डोळे लाल असले तर तो वर रडून आला की खालच्या तिखटानं रडतोय, हे देवालाही सांगता आलं नसतं. समुपदेशनाला इतकी सोयीची जागा शहरात दुसरी नसेल.

बाई साठीच्या आसपास. चार पिढ्यांपासून हैदराबादेत असलेल्या मराठी घरातल्या. त्यांच्या बोलण्यात मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच ताटात वाढलेलं असायचं. त्या आत आल्या तसा मी ताडकन उभा राहिलो.

"बसा हो. शाळा नाही ही."

मी बसलो. त्यांनी काही विचारायला सुरुवात केली की पुन्हा अर्धा उठायचो. सवयच ती. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "उन्हातनं आलात. पाणी देऊ?"

"नको."

"थोडं?"

"नको नको, राहू द्या."

त्या गप्प बसल्या. मीही गप्प. टेबलावर तांब्या होता, त्यावर पेला उपडा घातलेला. माझं लक्ष सारखं तिकडे. घशाला तिखटानं आग लागलेली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. बराच वेळ गेला. मग त्या सहज म्हणाल्या, "घ्या ना पाणी, तकल्लुफ कशाला?"

मी दोन पेले प्यायलो. तिसरा ओतून घेतला.

बाई हसायला लागल्या. डोळ्यांना पदर लावून हसल्या. "काय हो, तुम्हाला पाणी तीनदा विचारावं लागतं?"

तिथून पुढे मला काही सांगावंच लागलं नाही. म्हणजे मी सांगितलं सगळं, रस्त्यातली शाळा, लाडू, साहेब. पण मला वाटतं त्यांना ते पाण्याच्या वेळीच कळलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या आईचं काही चुकलं नाही. गावात तुम्हाला तिसऱ्यांदा विचारणारे होते. इथं लोकांकडे पहिल्यांदा विचारायलाच मुश्किलीनं वेळ असतो."

"मग मी काय करू, मॅडम?"

"आठवडाभर एकच करा. कुणी काही विचारलं आणि तुम्हाला हवं असलं तर पहिल्याच खेपेला हो म्हणा. छातीत धडधडलं तर धडधडू द्या. धडधडत धडधडत हो म्हणा."

मी खिशातून पेन काढलं. त्या म्हणाल्या, "लिहून घेऊ नका हो. एवढं लक्षात राहील."

माझ्या खोलीच्या मालकीणबाई तेलुगू. मी जिन्यात दिसलो की त्या रोज विचारायच्या, "तिन्नारा?" म्हणजे जेवलात का. आणि मी तीन वर्षं रोज सांगत आलो होतो, झालं, जेवलो. त्या सोमवारी जेवलो नव्हतो. छाती धडधडायला लागली. एवढ्याशा प्रश्नाला! मी कठड्याला धरलं आणि म्हणालो, "लेदु." नाही.

त्या दोन पायऱ्या उतरल्या होत्या, त्या परत चढल्या. "लेदु?" असं त्यांनी इतक्या काळजीनं विचारलं की जणू मी तीन वर्षांत काही खाल्लंच नव्हतं. पंधरा मिनिटांत ताट आलं. गरम भात, पप्पू म्हणजे त्यांची डाळ, अंबाडीची चटणी, वर तुपाची धार. मी जेवलो आणि रडू येईल असं वाटलं. चटणी तिखट होती, हेही एक कारण.

मंगळवारी त्यांनी विचारलं, मी खरं सांगितलं, ताट आलं. बुधवारी ताट आलं. गुरुवारी विचारलंच नाही, थेट ताट. शनिवारी मी बाईंकडे गेलो तेव्हा पँटचं बटण लागत नव्हतं.

"हो म्हणणं जमलं," मी म्हणालो. "आता नाही म्हणणं शिकवा."

"हौ, ते दुसरं प्रकरण," बाई म्हणाल्या. "सुलतान बाजारात जा. कापडाच्या दुकानात शिरा. चांगली चार-पाच थानं उलगडून घ्या. मग 'पसंत नाही' म्हणा आणि हात हलवत परत या."

आमच्या गावात दुकानदाराला थान उलगडायला लावून न घेता उठणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं. पण घरचा अभ्यास तो घरचा अभ्यास. मी एक दुकान निवडलं. गल्ल्यावर एक वयस्कर, भरदार दाढीचे गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत होते. मी आत पाऊल टाकलं आणि ते म्हणाले, "आओ मियाँ. क्या होना?"

क्या होना, म्हणजे काय हवंय. हैदराबादेत दुकानात शिरलं की हाच पहिला प्रश्न. मी शर्टाचं कापड म्हणालो. त्यांनी गालिच्यावर थानं भिरकावायला सुरुवात केली. निळं, राखाडी, रेघांचं, चौकड्यांचं. ओणवं होऊन, धापा टाकत. मी "पसंत नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला.

निळं कापड घेऊन परत आलो.

"पैशाचं पाकीट घरी ठेवून जा," बाईंनी युक्ती सांगितली.

पुढच्या खेपेला पाकीट घरी. थानं उलगडली. मी खिसे चाचपून, अगदी मनासारखं निमित्त मिळाल्याच्या आनंदात म्हणालो, "अरे, चाचा, पाकीट भूल गया."

"तो क्या हुआ," चाचांनी गल्ल्यावरचा चौकोनी फलक माझ्यासमोर धरला. "फोन है ना? स्कॅन मारो."

राखाडी कापड घेऊन परत आलो.

बाई त्या दिवशी हसून हसून दमल्या. शेवटी म्हणाल्या, "फोनपण ठेवून जा. आणि आणखी कापड आणलंत तर आता माझ्या नातवाला शर्ट शिवा."

तिसऱ्या वेळी खिशात बसच्या पासाशिवाय काही नव्हतं. चाचांनी मला ओळखलं. "आओ, आओ! नीला सिल गया?" त्यांनी चहा मागवला. "पियोगे?" मी म्हणालो, "हाँ." पहिल्याच खेपेला. चहा येईपर्यंत मी मनात वाक्य घोकत होतो. इतक्यात दोन बायका दुकानात शिरल्या. सासू-सून असाव्यात. बोलण्यावरून आमच्याच भागातल्या. घरात लग्न होतं आणि मानपानाच्या साड्या घ्यायच्या होत्या. चाचा दखनीत बोलत होते, त्यांना अर्धं कळत होतं.

"अगं, रंग जातो का म्हणून विचार की," सासू म्हणाली.

"मला नाही बाई येत यांचं बोलणं. तुम्हीच विचारा, आत्याबाई."

मी न राहवून म्हणालो, "मावशी, मी विचारतो."

आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक. मी चहाबरोबर आलेल्या पाण्यानं रुमाल ओला केला आणि पहिल्या साडीच्या काठावर घासला. रुमाल लाल. "चाचा, ये नक्को," मी म्हणालो. "रंग जा रहा. दूसरा दिखाओ." दुसरी साडी मी उचलून दुकानाच्या दारात, उन्हात नेली. आतल्या दिव्याखाली मोरपंखी दिसणारी बाहेर निळी पडली. "नक्को." तिसरीची वीण विरळ. "नक्को." मावशींनी सांगितलेल्या किमतीवर मी इतका ठाम राहिलो की सून आत्याबाईंच्या कानात म्हणाली, "हा यांचा नोकर आहे की आपला?" शेवटी त्यांच्या मनासारख्या सात साड्या निघाल्या. जाताना मावशी म्हणाल्या, "तुझ्या आईनं चांगलं शिकवलंय रे."

चाचा गालिच्यावर मांडी घालून माझ्याकडे बघत होते. "मियाँ," ते म्हणाले, "उनके वास्ते तो एकदम शेर! और अपने वास्ते? दो दो बार वो कपड़ा लेके गए जो तुमकु पसंद नै था. मैं अंधा है क्या? हौले, पसंद नै तो बोलना ना!" हौले म्हणजे बावळट.

"आपको बुरा लगता."

"मेरेकु? पचास साल से थान खोल रूँ. आधे लोग नै लेते. बुरा लगता तो मैं कबका मर गया होता."

मी उठलो. छातीत धडधडत होतं, पण या वेळी आवाज निघाला. "चाचा, आज मेरेकु कुछ नै होना."

"तो मैं कब बोला लेव?" चाचा म्हणाले. "चाय पूरी पी के जाओ."

हात हलवत परत आलो. वाटेत शेअर ऑटोत मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो, "यहाँ रोको." इतक्या मोठ्यानं की ऑटोवाला दचकला आणि ऑटो माझ्या थांब्याच्या बरीच अलीकडे थांबली. तरी उतरलो. मी सांगितलं होतं, मग उतरायलाच हवं.

बाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या या खेपेला हसल्या नाहीत. "म्हणजे दुसऱ्यासाठी तुम्हाला मागता येतं," त्या म्हणाल्या.

"हो. त्या मावशींसाठी मी भांडलोसुद्धा असतो."

"मग ते शिकवायचं काम. ते फक्त तुमच्यासाठी आहे का?"

तोवर मी त्यांना यंत्राचं आणि कव्हराचं सांगितलं नव्हतं. सांगितलं. झालरीचंही सांगितलं. "मग आता मला साहेब समजा," त्या म्हणाल्या आणि ताठ बसल्या. "बोलो."

मी उभा राहिलो. "सर, म्हणजे तसं काही नाही, पण आपण त्या दिवशी जे..."

बाईंनी टेबलावरची पितळी घंटी वाजवली. "'तसं काही नाही' कशाला? तसं आहे ना?"

"सर, मला असं वाटत होतं की कदाचित जर..."

टिंग.

"सर, इतर कुणी नसेल तर..."

टिंग. टिंग. खालच्या दुकानातला माणूस जिन्यातून वर ओरडला, "अम्मा, पिलिचारा?" हाक मारलीत का. बाई खाली ओरडल्या, "तुला नाही रे, घंटी यांना आहे!" मला इतकं हसू आलं की उरलेलं वाक्य बोलायचंच राहून गेलं. पण त्या दुपारी आम्ही घंटी न वाजता एक अख्खं वाक्य पूर्ण करेपर्यंत थांबलो नाही.

दिवाळी जवळ आली होती. नवा विभाग कुणाला द्यायचा हे त्या शुक्रवारी ठरणार, अशी कार्यालयात चर्चा होती. मी गुरुवारी सकाळीच केबिनच्या काचेवर टकटक केली. आधी स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुऊन आलो होतो. साहेबांसमोर नुकताच कॉफीचा थर्मास आला होता.

"आओ. कॉफी?"

"हाँ सर," मी म्हणालो. "चीनी थोड़ी ज़्यादा."

साहेबांनी मान वर केली. तीन वर्षांत मी त्यांच्याकडे कधी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. त्यांनी साखर घातली, कप सरकवला. मी एक घोट घेतला आणि ठरवलेलं वाक्य शोधू लागलो. बाईंसमोर पाठ केलेलं ते देखणं, घंटी न वाजणारं वाक्य कुठंच सापडेना. मराठीतलं गेलं, हिंदीतलं गेलं, इंग्रजीतलं तर कधी आलंच नव्हतं. कानात फक्त चाचांचा प्रश्न होता. क्या होना.

"सर," मी म्हणालो, "वो ट्रेनिंग का काम मेरेकु होना."

साहेब थांबले. मग खुर्चीत मागे रेलून खो खो हसले. "पूरे हैदराबादी हो गए तुम तो! पर तुमने ना बोला था."

"सर, हमारे गाँव में पहली बार ना बोलते हैं."

"अच्छा? तो मुझे कितनी बार पूछना था?"

"दो बार और, सर."

"हे भगवान," साहेब म्हणाले. "मुझे बताना तो था!"

मग मी त्यांना आमच्या दवाखान्यातल्या यंत्राचं सांगितलं. त्यांनी हसणं थांबवून ऐकलं. लहान गावांतून फिरायला बाकी कुणी तयार नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. दोन जणांनी उघड नाही म्हटलं होतं आणि त्या नाहीचा अर्थ खरोखरच नाही होता. साहेब म्हणाले, "पहले तीन महीने करके दिखाओ. पहला दौरा आदिलाबाद का. सफ़र बहुत है, बस, जीप, जो मिले. चलेगा?"

छातीत ढोल वाजत होता. तो वाजू दिला.

"चलेगा," मी म्हणालो.

संध्याकाळी पेढे घेऊन चिक्कडपल्लीला गेलो. जिना चढलो, शिंका दिल्या, पेढ्यांचा पुडा बाईंपुढे धरला.

"अहो, नको," बाई म्हणाल्या. "कशाला एवढं?"

"बरं," मी म्हणालो आणि पुडा पिशवीत घातला.

बाईंचा हात पुड्यासाठी पुढे आला. मग म्हणाल्या, "काय माणूस आहात हो! इकडं द्या तो." त्यांनी दोन पेढे काढले, एक मला दिला. मी पहिल्याच खेपेला घेतला. "आता महिन्यातनं एकदा आलात तरी चालेल," त्या म्हणाल्या. "धडधड होईलच अधूनमधून. तुम्हाला माहीत आहे तिचं काय करायचं."

घरी येऊन आईला फोन लावला. तिला नीट समजावं म्हणून पहिल्यापासून सांगितलं. क्लास कसला होता तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग साहेबांनी काम दिलं?"

"दिलं."

"आणि तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

"एकदम?"

"एकदम."

"एकदा तरी नको म्हणायचं होतंस रे," आई म्हणाली. "काय म्हणाले असतील ते? म्हणतील, पोरगं कधी काही बघितलं नाही असं करतंय."

"आई, एकदा म्हणून बघितलं होतं. ते बरं म्हणाले होते."

"बरं म्हणाले?" तिला ते पटेना. "त्या गुरुजींच्या बायकोसारखेच म्हणायचे."

"तसेच."

शिलाई मशीनचं पायडल चालू झाल्याचा आवाज आला आणि थांबला. "म्हणजे आपल्या दवाखान्यातलं ते मशीन चालू होणार?"

"तीन महिने नीट केलं तर पुढच्या यादीत आपलं गाव आहे. मीच येईन शिकवायला."

"मग त्याचं कव्हर काढावं लागंल."

"हो."

"काढताना झालर फाडू नका. धुऊन ठेवीन मी." मग म्हणाली, "त्या दिवशी घरी जेवायला येशील का? का तुमच्या मंडळींबरोबर बाहेर?"

"घरी येईन."

"बघ हं. का नको म्हणशील आणि मग—"

"नाही. येईन. आमची मंडळी धरून पाचजण असू. चपात्या आणि पिठलं कर. आणि बेसनाचे लाडू."

मी तिला इतकं सरळ कधी काही मागितलं नव्हतं. मला वाटलं, आता रागावणार.

"बरं झालं एकदाच सांगितलंस," ती म्हणाली. "पीठ किती घ्यायचं ते तरी कळतं."